पार्श्वभूमी : 'स्ट्रिक्ट नॅट' हा शब्द आला कुठून?

गेम बंद पडून थेट डेस्कटॉप दिसला तर तो क्रॅश. त्याचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच मशीनमध्ये असतं : ड्रायव्हर, रॅम, नाहीतर खराब झालेली फाइल. गेम चालू आहे, पण 'कनेक्शन तुटले' असं झळकतंय, ही गोष्ट वेगळी. ही नोंद तिच्याबद्दल, आणि तिच्या निमित्ताने सेटिंगमध्ये दिसणाऱ्या 'स्ट्रिक्ट नॅट'बद्दल.

1993 च्या 'डूम' या गेममध्ये सगळे खेळाडू एकमेकांसाठी थांबायचे. सेकंदाला 35 वेळा प्रत्येक मशीन आपली चाल इतरांना कळवणार. एक अडकलं की सगळे अडकले. 1996 मध्ये 'क्वेक'ने मध्ये सर्व्हर बसवला, तेव्हापासून ज्याची लाइन गेली तोच बाहेर पडू लागला. मग कन्सोल (टीव्हीला जोडायची गेम यंत्रं) ऑनलाइन आले आणि खर्च वाचवायला पुन्हा कुणा एका खेळाडूच्या घरालाच सर्व्हर केलं; तो खेळाडू म्हणजे होस्ट. 'हेलो 2'मध्ये (2004) काही महाभाग होस्ट झाल्यावर मॉडेमचं स्टँडबाय बटण दाबायचे आणि बाकीचे जागीच गोठले की त्यांना मारून यायचे.

घर ते घर जोडणी म्हटलं की आड येतो तो नॅट (नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन). एका पब्लिक आयपीवर (इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर) घरातली अनेक उपकरणं चालवायची ही युक्ती 1994 मध्ये 'तात्पुरती सोय' म्हणूनच मांडली गेली होती. आपण आधी बाहेर काही पाठवलेलं नसेल, तर बाहेरून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) कुणाचं हे राउटरला कळत नाही. तो ते टाकून देतो. 2003 च्या आरएफसी 3489 (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) ने नॅटचे चार प्रकार पाडले. कन्सोलवाल्यांनी त्याच धर्तीवर सोपी भाषा केली : कुठे ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट, कुठे टाइप 1, 2, 3. स्ट्रिक्ट म्हणजे इतर खेळाडूंशी थेट जोडणी सर्वात अवघड.

गंमत पुढे आहे. 2008 मध्ये आरएफसी 5389 ने ही वर्गवारीच काढून टाकली. एकच राउटर कधी एका प्रकारासारखा वागतो, कधी दुसऱ्या, त्यामुळे चाचणीच्या निकालावर विसंबता येत नाही, असं अनुभवातून दिसलं होतं. म्हणजे ज्यांनी वर्गवारी केली त्यांनीच ती मोडीत काढली, आणि आपण अजून सेटिंगमध्ये 'स्ट्रिक्ट' वाचून राउटरला शिव्या घालतोय.

राउटर तर अनेकदा निर्दोषच असतो. एप्रिल 2011 मध्ये आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांचा साठा शेवटच्या ब्लॉकवर आला. इंटरनेट कंपन्यांनी मग शेकडो ग्राहक एका पब्लिक आयपीमागे बसवायला सुरुवात केली : घरातल्या नॅटवर कंपनीचा नॅट, म्हणजे सीजीनॅट. त्यासाठी 100.64 पासूनचे सुमारे 42 लाख पत्ते राखून ठेवावेत का, यावर बराच वाद झाला. कंपन्या म्हणत, 10 ने सुरू होणारे पत्ते ग्राहकांच्या घरातल्या पत्त्यांशी टकरावतात. विरोधक म्हणत, ही कुबडी दिली की आयपीव्ही6 (भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धती) कडे जायची घाई कुणालाच उरणार नाही. एप्रिल 2012 मध्ये कुबडी मंजूर झाली. व्यवहाराला धरून होतं, मान्य. पण ज्याला घरात होस्ट व्हायचंय त्याचं पारडं त्या वादात हलकंच राहिलं असं मला वाटतं.

मी स्वतः दोन संध्याकाळी 'जीटीए ऑनलाइन'साठी पोर्ट फॉरवर्ड करत (म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायचं दार उघडत) बसलो होतो. यूपीएनपी (तेच काम आपोआप करणारी सोय) चालू केलं, फायरवॉल बंद केली. नॅट स्ट्रिक्ट तो स्ट्रिक्टच. शेवटी राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) 100.72 ने सुरू होणारा, म्हणजे त्याच राखीव पत्त्यांतला! दार उघडून उपयोग काय, सोसायटीचं गेटच बंद होतं. कस्टमर केअरचं उत्तर : "सर, राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा." लाइन जोडायला आलेल्या मुलाने मात्र एका वाक्यात सांगितलं, "स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या दादा, वेगळे पैसे पडतील."

सर्व्हरवरच्या गेमना एवढा त्रास होत नाही, कारण जोडणी आपण बाहेरच्या दिशेने सुरू करतो. तिथे घोळ होतो तो मधल्या मध्ये नॅटने पोर्ट (जोडणीचा क्रमांक) बदलला तर. सर्व्हरला वाटतं हा कुणी नवाच आलाय. यावर तोडगा 'क्वेकवर्ल्ड'मध्येच निघाला होता : प्रत्येक पॅकेटमध्ये 'क्यूपोर्ट' नावाचा आकडा, म्हणजे पोर्ट बदलला तरी खेळाडू ओळखू येतो. आयपी मात्र तोच लागायचा. जिन्यात वायफाय सुटून मोबाइल 4जी वर गेला की नेमका तोच बदलतो.