बारीक बाळं, लपलेली चरबी

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली एक अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने तरुण विवाहित बायकांची गरोदर राहण्याआधीपासूनच नोंद ठेवली. त्या काय खातात, किती राबतात, हे टिपलं आणि बाळं जन्मताच त्यांची मापं घेतली. ही बाळं सरासरी २.७ किलोची भरली, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. दंड, पोट, सगळंच बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र इंग्रज बाळांपेक्षा फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुढे एमआरआयने पुण्याची आणि लंडनची नवजात बाळं तपासली, तेव्हा पोटातली चरबी पुण्याच्या बाळांत जास्त निघाली.

म्हणजे ज्या बाळाकडे बघून घरातले म्हणतात, ‘अगदीच हडकुळं आहे, जरा भरवा’, त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण आधीच जास्त असू शकतं.

हेच मोठेपणीही दिसतं. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली काढलेल्या वाढीच्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २५ ऐवजी २३ बीएमआयला जुळवून घेतली आहे. मुलाची उंची-वजन या तक्त्यावर दरवर्षी मांडून घ्यायलाच हवीत. एकट्या आकड्यापेक्षा रेषा कुठे वळते आहे, ते महत्त्वाचं असतं. दिल्लीतल्या एका दीर्घ अभ्यासात तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली, ती माणसं दोन वर्षांची असताना बारीक होती. नंतर त्यांचा बीएमआय चढत गेला, आणि तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातलं कुणीही लठ्ठ म्हणण्याजोगं नव्हतं. शाळेतल्या वजनकाट्याला हे कळणार कसं?

पुण्याच्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग जीवनसत्त्वांचा आहे. या खेड्यांतल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी होतं. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून; भाकरी-भाजीतून नाही. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र पालेभाज्यांतून मिळतं, शिवाय गरोदरपणात त्याच्या, म्हणजे फोलिक ॲसिडच्या, गोळ्याही दिल्या जातात. ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. फोलेट पेशीच्या कामी यायला बी-१२ लागतंच. ते नसेल तर फोलेट अडकून पडतं. फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. बाळाच्या मणक्यासाठी त्या हव्याच. पण बी-१२कडे इतकी वर्षं झालेलं दुर्लक्ष मला अक्षम्य वाटतं.

लठ्ठपणा जडलेल्या मुलांवर आता औषधंही आहेत. २०२२ सालच्या चाचणीत १२ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्याला सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं, तेव्हा ६८ आठवड्यांत बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. आजारपणापर्यंत वजन गेलेल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तरी उपचाराचा पाया अख्ख्या घराने जेवण, झोप आणि खेळ बदलण्याचाच राहतो. एकट्या मुलाचं ताट वेगळं काढलं तर ते चोरून खाणारच.

पुण्याच्या गटाने मात्र आणखी मागे जायचं ठरवलं. १९९३च्या अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली २०१२ साली वयात आली होती. त्यांच्यातल्या काहींना लग्नाआधीपासूनच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात झाली. मुलींना ते पुढे गरोदरपणातही चालू राहिलं. ते घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात बी-१२ वाढलेलं आढळलं. आता त्या बाळांची वाढ मोजली जाते आहे.