प्रमाणत्रुटी, साधनचल समाश्रयणातील

साधनचलाच्या आधारे केलेल्या समाश्रयणातून (चलांमधील संबंध आकड्यांत मांडण्याच्या रीतीतून) काढलेल्या सहगुणकाची अनिश्चितता मोजणारी राशी. सहगुणक म्हणजे कारण एका एककाने बदलल्यास फल किती बदलते ते सांगणारा आकडा; साधनचल म्हणजे कारणावर परिणाम करणारा, पण फलापर्यंत केवळ त्या कारणामार्फतच पोचणारा बाहेरचा घटक. प्रमाणत्रुटी काढण्याच्या रीती अनेक आहेत. सहगुणक तोच राहूनही रीतीगणिक निष्कर्ष पालटू शकतो.

फिलिप राइट यांच्या प्राणिज व वनस्पतिजन्य तेलांवरील आयातशुल्काविषयीच्या ग्रंथाच्या (१९२८) ‘ब’ परिशिष्टात साधनचलाची पद्धत प्रथम आढळते. तेथे जवसाच्या मागणी-पुरवठ्याची उकल केली आहे. परिशिष्ट उरलेल्या ग्रंथाहून निराळे वाटत असल्याने ते त्यांचे पुत्र, आनुवंशिकीविज्ञ स्यूअल राइट यांचे असावे, असे काही अभ्यासक मानीत. स्टॉक व ट्रेबी यांनी २००३ मध्ये दोघांची लेखनशैली संख्याशास्त्रीय कसोटीवर तपासून कौल पित्याकडे दिला. तो अधिक ग्राह्य वाटतो. कल्पनेत मुलाचा वाटा किती, हे मात्र शैलीवरून ठरत नाही. सहगुणक दोन टप्प्यांत काढण्याची द्विस्तरीय न्यूनतम वर्ग रीत थाइल (१९५३) व बॅसमन (१९५७) यांनी स्वतंत्रपणे मांडली.

सांगली जिल्ह्यात पीक साधले की सोसायटीचे कर्ज वेळेवर फिटते का, हे पाहायचे आहे असे समजू. कष्टाळू कुटुंबाचे पीकही बरे येते आणि हप्ताही चुकत नाही, म्हणून थेट तुलना फसवी. पाऊस कुणाच्या कष्टावर अवलंबून नसल्याने तो साधनचल घेतात. पावसावरून पिकाचा अंदाज आणि त्या अंदाजावरून परतफेड, असे दोन टप्पे हाताने केल्यास सहगुणक बरोबर येतो, प्रमाणत्रुटी चुकते. अवशेष (प्रत्यक्ष परतफेड आणि समीकरणाने वर्तवलेली परतफेड यांतील फरक) अंदाजित पिकावरून नव्हे, प्रत्यक्ष पिकावरून काढायला हवेत.

शिराळ्याच्या पावसाळी पट्ट्यात आणि जतच्या कोरडवाहू रानात उत्पन्नाची चढउतार सारखी नसते. अशा विषमविचरणासाठी व्हाइट यांची रीत आहे (१९८०, साधनचलांसाठी १९८२). येथे तीही अपुरी पडते. तालुक्याला पावसाचा आकडा एकच घेतला, तर जतमधली दोनशे घरे म्हणजे दोनशे स्वतंत्र साक्षी नव्हेत. तालुकानिहाय गट करावेत, तर जिल्ह्यात तालुके दहाच. इतक्या थोड्या गटांत प्रमाणत्रुटी बहुधा खऱ्याहून लहान येते. तेथे गटनिहाय वाइल्ड बूटस्ट्रॅप (गटागटाने अवशेषांची चिन्हे यदृच्छया पालटून गणित पुनःपुन्हा करण्याची रीत) अधिक भरवशाचा.

ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी पोचलेल्या शिवारात पाऊस आणि पीक यांचा संबंध सैल होतो. साधनचल असा क्षीण झाल्यास नेहमीची टी-कसोटी (सहगुणकाला प्रमाणत्रुटीने भागून केलेली) फसते, मग प्रमाणत्रुटी कोणत्याही रीतीची असो. पहिल्या टप्प्याचे एफ-मूल्य (साधनचलाचा कारणाशी संबंध किती बळकट, हे सांगणारा आकडा) १० च्या वर हवे, हा स्टेगर व स्टॉक (१९९७) यांच्यापासून रूढ झालेला दंडक आज अपुरा मानला जातो. अँडरसन–रुबिन कसोटी (१९४९) क्षीण साधनचलातही वैध राहते. तिच्यावरून काढलेला विश्वास-अंतराल (सहगुणकाच्या संभाव्य मूल्यांचा पट्टा) कधी अमर्याद येतो. हाती असलेली माहिती सहगुणक ठरवायला पुरत नाही, असा त्याचा अर्थ.