आणीबाणी संपली, पण अहवाल संपला नाही

'११ मे २०२३ ला अमेरिकेतली कोविड आणीबाणी उठली, तेव्हापासून तिथल्या नर्सिंग होमना कुणाला काही कळवावं लागत नाही.' हे वाक्य आजही फिरतं. ते चूक आहे, आणि ज्यांचे आईवडील तिथे राहतात त्यांची दिशाभूल करणारं आहे.

मे २०२० मध्ये मेडिकेअर-मेडिकेड (मुख्यतः वृद्धांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजना) चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. एक, रुग्ण आणि मृत्यूंची माहिती आठवड्यातून किमान एकदा सीडीसीला, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला, द्यायची. दुसरी, एकाला जरी संसर्ग निश्चित झाला, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत रहिवाशांना आणि कुटुंबांना कळवायचं.

आणीबाणी उठल्यावर कुटुंबांना कळवण्याचा आग्रह सरकारने सोडला. माझ्या मते सोडायला नको होता. कर्मचाऱ्यांच्या लसीची सक्तीही त्याच वर्षी गेली. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच आहे: काही नियम गेले, लोकांनी सगळेच गेले असं धरलं.

साप्ताहिक अहवालाची मुदत मात्र आणीबाणीला बांधलेली नव्हती. ती ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होती. १ जानेवारी २०२५ पासून तिची जागा नव्या नियमाने घेतली. आता कोविडसोबत फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) हेही मोजायचे: एकूण रहिवासी किती, लस घेतलेले किती, बाधित किती, त्यातले रुग्णालयात किती.

एक लक्षात ठेवा, हे नियम मेडिकेअर किंवा मेडिकेडची मान्यता असलेल्या नर्सिंग होमसाठी आहेत. असिस्टेड लिव्हिंगचे (रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासांचे) नियम राज्य ठरवतं, तेव्हा तिथली चौकशी त्यांना परवाना देणाऱ्या राज्याच्या विभागाकडे करा.