कोल्हापुरी साज : २१ पानांचा हिशेब

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गळ्यातला साज मागितला की पहिला प्रश्न येतो, किती पानी, म्हणजे त्यात नक्षीची पदकं किती? उत्तर बहुधा २१. त्या आकड्याची फोडही इथे तोंडपाठ असते: दशावताराची १०, अष्टमंगलाची, म्हणजे आठ शुभचिन्हांची ८, माणिक आणि पाचूच्या २ पानड्या आणि मधोमध ताईत. मात्र हातात साज घेऊन एकेक पान मोजायला बसलं की हा हिशेब जुळत नाही.

मासाच बघा. मत्स्यावतार म्हणून तो १० मध्ये जातो आणि मीनयुगल म्हणून अष्टमंगलातही. मुळात अष्टमंगलाची यादी एकच नाही. श्वेतांबर जैनांच्या यादीत मीनयुगल आहे. कोल्हापूर भागातला जैन समाज मुख्यतः दिगंबर, आणि त्यांच्या यादीत झारी, कलश, आरसा, चामर, ध्वज, छत्र येतात, मासा येत नाही. मग साजातला मासा कुठल्या खात्यात लिहायचा? शिवाय वाघनख, भुंगा, बेलपान, चंद्र ही साजात नेहमी दिसणारी पानं दशावतारातही धड बसत नाहीत आणि अष्टमंगलातही. बेलपान तर शंकराचं, त्याला विष्णूच्या अवतारांत ओढून आणावं लागतं. मांडणी पाहिली तर २१ चं कारण साधं वाटतं: मधे एक, दोन्ही अंगांना दहा-दहा. अर्थ त्यावर मागाहून चढला असावा. कमी पानांचा साज ‘अपुरा’ म्हणून नाकारणं त्यामुळे चुकीचं आहे.

शब्दांचाही घोळ आहे. ‘साज’ मूळ फारसी. मराठीत तो घोड्यालाही चढतो आणि गाण्यालाही. मधल्या पदकाला कुणी ताईत म्हणतं, कुणी डोरलं, आणि डोरलं म्हणजे काहींच्या घरी मंगळसूत्रातला दागिना. ऑर्डर देताना नुसतं नाव सांगू नये, नमुना दाखवावा. आणि साजाला ‘पेंडंट’ म्हणणं तर पटतच नाही. पेंडंट एकटं लोंबतं. साजात पान आणि जवमणी एकाआड एक येतात, आणि जवाच्या दाण्यासारखा तो मणी नसेल तर पानं कितीही असोत, साज होत नाही.

मण्यांची परंपरा इथे जुनी आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकाळाचे अवशेष मिळाले, त्यांत मणीही होते. पण आजचा साज समजून घ्यायला त्याची घडण पाहावी लागते.

पान भरीव नसतं. पातळ पत्रा ठशावर ठेवून वरून शिशाने ठोकतात. शिसं मऊ, म्हणून पत्रा न फाटता नक्षीत उतरतो. इथेच एक चूक महाग पडते. पत्र्याला चिकटलेलं शिसं तेजाबात धुऊन न काढता तापवलं तर सोनं ठिसूळ होतं आणि कडेने तडकतं. पुढे मागचा पत्रा आणि कड्या डाखाने, म्हणजे वितळवलेल्या जोडधातूने जोडतात. सगळी जोडकामं संपल्यावरच आत लाख भरतात, कारण लाख आच सहन करत नाही. दोन्ही बाजूंच्या पानांचं वजन सारखं नसेल तर साज गळ्यात एका अंगाला फिरतो. कमी सोन्यात गळा भरतो आणि साजाची ओवण सोडवून पान वाढवता किंवा बदलता येतं. त्याचा टिकाव या दोन गोष्टींत आहे.

या कामावर सर्वांत मोठा घाव जानेवारी १९६३ मध्ये बसला. सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी केली. १४ कॅरट म्हणजे सुमारे ५८ टक्के सोनं. हा पत्रा कडक. ठशात नक्षी पूर्ण उठत नाही, पुन्हा पुन्हा तापवून नरम करावा लागतो, तांब्यामुळे काळा पडतो. परकीय चलन वाचवण्याचा हेतू होता हे मान्य, पण त्याची किंमत कारागिरांनी मोजली. देशभर अनेकांचं काम गेलं. १९६६ मध्ये कॅरटची मर्यादा उठली, १९६८ मध्ये वेगळा कायदा आला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं.

पुढचा टप्पा हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचा. सोन्यासाठी ही योजना २००० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली, जून २०२१ पासून निवडक जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. २ ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूला सक्ती नाही. म्हणून साजात नंतर वाढवायचं सुटं पान घेताना शुद्धता बिलावरच लिहून घ्यावी.

२०२५ मध्ये १० ग्रॅमचा दर १ लाखापुढे गेला आणि पत्रा आणखी पातळ करण्याकडे कल वाढला. असा मणी लाख सुटली की बोटाच्या दाबानेही चेपतो. साज गरम पाण्यात घालू नये. कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रश फिरवून लगेच कोरडा करावा. कडी तुटली तर आधी लाख काढून मगच डाख लावावा लागतो, ‘पाच मिनिटांत जोडून देतो’ म्हणणाऱ्याकडे साज देऊ नये. बिलावर एकूण वजन आणि लाख वजा जाता निव्वळ सोन्याचं वजन, हे दोन्ही आकडे वेगळे हवेत; मोडीच्या वेळी भाव निव्वळ वजनावरच मिळतो.