मेंदूतला दाह थांबतो कसा?

मेंदू कवटीत बंदिस्त आहे. तिथे सुजायला जागा नाही आणि गमावलेल्या चेतापेशींची भरपाईही सहसा होत नाही. म्हणून मेंदूत दाह पेटण्याइतकंच त्याचं वेळेवर विझणंही महत्त्वाचं असतं. हे दोन्ही सांभाळतात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. स्पेनचे पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना स्वतंत्र ओळख दिली.

या पेशी एरवी स्वस्थ असतात असा समज होता. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावल्यावर दिसलं, की त्यांच्या बारीक फांद्या सतत आजूबाजूचा परिसर चाचपत असतात. एखादी पेशी फुटली की तिच्यातला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बाहेर सांडतो. मायक्रोग्लियावरचा पी२वाय१२ हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे संदेश टिपणारं प्रथिन, ती खूण ओळखतो आणि काही मिनिटांत फांद्या जखमेकडे वळतात.

खरा दाह सुरू होतो तो पेशीच्या आत. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी आयकप्पाबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या पकडीत असतं. जिवाणूच्या आवरणाचा तुकडा टीएलआर४ या रिसेप्टरला भिडला, की संदेशांची साखळी सुरू होऊन ही पकड मोडते. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशा दाहक प्रथिनांची जनुकं जागी करतं. आणि त्याच वेळी आयकप्पाबीचं जनुकही! स्वतःला पुन्हा बांधून घेण्याची सोय ते स्वतःच करतं. मला या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

इंटरल्युकिन-१ बीटा हे आणखी एक दाहक प्रथिन तर आधी निष्क्रिय रूपातच तयार होतं. ते कामाला लागायला दुसरा इशारा लागतो. बाहेर एटीपी फार साठला, की पी२एक्स७ हा रिसेप्टर उघडतो, पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, एनएलआरपी३ या धोका ओळखणाऱ्या प्रथिनाभोवती इतर प्रथिनांचा जथा जमतो आणि कॅस्पेज-१ हे विकर इंटरल्युकिनला कापून सक्रिय करतं. रेणू तोच, एटीपी. थोडा असला तर नुसती हाक, फार झाला तर वणवा.

चेतापेशीही मायक्रोग्लियाला शांत ठेवतात, फ्रॅक्टलकाइन आणि सीडी२०० या रेणूंमार्फत. त्या मरू लागल्या की हा लगाम सैल पडतो. अल्झायमरमध्ये तर चिथावणी देणारा अमायलॉइड, म्हणजे गाठी बनवणारं प्रथिन, वर्षानुवर्षं तिथेच साचून राहतो आणि एनएलआरपी३ला डिवचत राहतो.

मग दाह सरसकट दाबून टाकावा का? नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब यांसारख्या नेहमीच्या दाहशामक औषधांनी चाचणीत अल्झायमर टळला नाही. ती प्रोस्टाग्लँडिन या दाह वाढवणाऱ्या रेणूंची निर्मिती रोखतात. एनएलआरपी३ची वाट वेगळीच आहे. शिवाय ट्रेम२ या रिसेप्टरमार्फत मायक्रोग्लिया अमायलॉइडच्या गाठींना वेढा घालतात, आणि ट्रेम२च्या जनुकातल्या एका बदलाने अल्झायमरचा धोका बराच वाढतो, हे २०१३ मध्ये समोर आलं. थोडक्यात, मायक्रोग्लियाला गप्प करणाऱ्या औषधापेक्षा एनएलआरपी३ला नेमकं अडवणारं आणि ट्रेम२ला धक्का न लावणारं औषध हवं आहे.