वजनकाटा, फोन आणि पलीकडचं माणूस

गावाकडे "हार्ट फेल झालं" म्हटलं की माणूस गेला असाच अर्थ घेतात, त्यामुळे राजापूरकडे माझ्या आतेला डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर सांगितलं तेव्हा घरात रडारडच झाली. खरं तर ह्यात हृदय बंद पडत नाही, त्याचं पंपिंग कमी पडतं, मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. आणि हे पाणी बऱ्याचदा दम लागायच्या काही दिवस आधीच वजनात दिसायला लागतं, 3 दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरांना लगेच कळवा म्हणतात, घरी लक्ष ठेवायचं ते मुख्य ह्याच्यासाठी.

लांबून हृदय बघायची कल्पना तशी जुनी. 1905 मधे नेदरलँड्समधल्या लायडनला आइन्थोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने हॉस्पिटलातल्या पेशंटचा इसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीडेक किलोमीटरवरच्या आपल्या लॅबमधे काढला, कारण मशीन इतकं अवजड की पेशंटकडे नेणार कोण!

घराघरात फोन आल्यावर अमेरिकेत 1653 पेशंटवर मोठा प्रयोग झाला, रोज फोन लावायचा, रेकॉर्ड केलेला आवाज विचारेल तसं वजन आणि त्रास बटणं दाबून सांगायचा. 2010 मधे निकाल आला, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा फरक शून्य. शंभरातल्या 14 जणांनी तर तो फोन एकदाही लावला नव्हता, आणि मला ह्यात काही नवल वाटत नाही, आजारी माणूस मशीनशी किती दिवस बोलणार? मग 2018 मधे जर्मनीतला निकाल आला, 1571 पेशंट, वजन, बीपी, इसीजी रोज मोबाईल नेटवर्कवरून जायचं आणि पलीकडे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले. तिथे मृत्यू कमी झाले, अचानक अ‍ॅडमिट व्हायचे दिवसही कमी झाले. माझ्या मते सगळा फरक त्या पलीकडच्या माणसांचा.

आपल्याकडे 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि मार्च 2020 मधे टेलिमेडिसिनची सरकारी नियमावली आली, तेव्हापासून फोनवरून सल्ला देणं डॉक्टरांना रीतसर झालं. कोकणाला ह्याची गरज जास्तच, सिंधुदुर्गातली माणसं अजून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठतात, आमच्याकडची कोल्हापूर नाहीतर थेट मुंबई, आणि पावसात घाट बंद झाला की काय हाल होतात ते इथल्यांना सांगायला नको.

आतेकडे अ‍ॅपबिप काही नाही. शेणाच्या जमिनीवर काटा रोज वेगळंच दाखवायचा म्हणून पडवीत एक लादी पक्की बसवली, सकाळी चहाच्या आधी ती त्यावर उभी राहते, शेजारचा पोरगा काट्याचा फोटो काढतो आणि रेंजसाठी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जाऊन डॉक्टरांच्या नर्सला पाठवतो. गेल्या पावसात दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढलं, संध्याकाळी नर्सचाच फोन, "मावशी, सुकं खाल्लंत काय?" खाल्लं होतं, दोन दिवस खारवलेले सुके बांगडे, आणि मिठाने अंगात पाणी धरतं. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवून दिली, चौथ्या दिवशी काटा होता तिथे आला.