तोंडातील पांढरा चट्टा आणि बालाघाटचा जलविभाजक

मोबाइलने तोंडाच्या आतला फोटो काढा, कॅन्सर आहे की नाही हे काही सेकंदांत कळेल, अशा अर्थाचे संदेश अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. मराठवाड्यात मुखरोगांच्या काचपट्ट्या वाचण्यात आणि शिकवण्यात बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यांतला अर्धा भाग आनंद देतो आणि उरलेला अर्धा अस्वस्थ करतो. संगणक या कामात खरोखरच मदत करतो. ती मदत नेमकी कोणत्या टप्प्यावर आणि कशी होते, हे मात्र त्या संदेशांत कुठेच नसते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांत हाच कर्करोग सर्वांत जास्त आहे. यांतील अनेकांच्या तोंडात कर्करोगाच्या बरीच वर्षे आधी काहीतरी दिसत असते. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया. मखमलीसारखा लाल चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, जो त्याहून कितीतरी धोक्याचा. किंवा सुपारीमुळे गालाचे अस्तर राठ होत जाऊन तोंड उघडेनासे होणे, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. यांतल्या प्रत्येकाचा कर्करोग होतोच असे नाही, आणि निदानातली खरी अडचण तीच आहे.

एका वर्षी ऊसतोडीचा हंगाम आटोपून बालाघाटावरच्या गावातला एक तरुण आमच्याकडे आला. "तिखट खाल्लं की लई आग होती सायेब, भाकरी दुधात कुस्करूनच खातो," असे तो सांगत होता. डाव्या गालाच्या आत, जिथे तो तंबाखू-चुन्याचा बार धरून ठेवत असे, तिथे बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. कापसाने घासून पाहिला, तो निघाला नाही. बुरशीचा पांढरा थर असता तर निघाला असता. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जायला हवीत, त्याची दोनच गेली. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

असा तुकडा मेणात बसवून त्याचे ४ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप करून काचपट्टीवर घेतात आणि ते दोन रंगांत रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रके निळी-जांभळी करते, तर इओसिन बाकीचा भाग गुलाबी करते. निरोगी अस्तरात तळाच्या पेशी लहान आणि दाटीने उभ्या असतात, वर सरकताना त्या मोठ्या व चपट्या होत जातात. बिघाड सुरू झाला की तळाला शोभणाऱ्या पेशी वरच्या थरांत दिसू लागतात, केंद्रके मोठी, गडद आणि वेडीवाकडी होतात. याला डिस्प्लेसिया म्हणतात. ढोबळ मानाने, हा बिघाड अस्तराच्या खालच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य, दोन तृतीयांशांपर्यंत गेला तर मध्यम आणि त्याच्याही वर गेला तर तीव्र. मात्र केंद्रक 'मोठे' किंवा 'गडद' कोणी म्हणायचे? एकच काचपट्टी दोन अनुभवी तज्ज्ञांना दाखवली तर एक सौम्य आणि दुसरा मध्यम म्हणतो, असे वारंवार घडते. तोच तज्ज्ञ काही महिन्यांनी स्वतःशीही असहमत होतो. संगणकाचे काम इथे सुरू होते, कारण त्याला मोजता येते.

काचपट्टी स्कॅन करून मिळणारी प्रतिमा किती मोठी असते, ते आधी लक्षात घेऊ. स्कॅनरमध्ये एक बिंदू (पिक्सेल) पाव मायक्रॉनचा धरला, तर एक सेंटिमीटर लांबीत ४०,००० बिंदू बसतात आणि एक चौरस सेंटिमीटरच्या कापात १६० कोटी. ८ मायक्रॉनचे एक केंद्रक त्यात ३२ बिंदू रुंद दिसते. अशी हजारो केंद्रके एकेक करून वेगळी काढायची आहेत.

पहिली पायरी रंगाची. रंग दुप्पट झाला म्हणून आरपार जाणारा प्रकाश सरळ निम्मा होत नाही. पहिल्या थराने अर्धा प्रकाश अडवला असेल, तर तेवढाच दुसरा थर उरलेल्याचा अर्धा अडवतो आणि पाव शिल्लक राहतो. म्हणून प्रकाशाचा लॉगरिदम घेऊन त्याचे ऋण चिन्ह काढून टाकतात: अर्ध्यासाठी ०.३, पावासाठी ०.६. आता रंग दुप्पट, तर आकडाही दुप्पट. ही बेरजेची भाषा मिळाली की लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन मोजमापांवरून प्रत्येक बिंदूत हिमॅटॉक्सिलिन किती आणि इओसिन किती, हे समीकरणे सोडवून वेगळे काढता येते. त्यानंतर विशिष्ट मर्यादेपेक्षा गडद बिंदू तेवढे केंद्रकाचे, अशी छाटणी होते. ही मर्यादा प्रतिमेवरूनच ठरवण्याची एक साधी रीत नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये दिली आणि ती आजही वापरात आहे.

खरा पेच यापुढचा आहे. डिस्प्लेसियात केंद्रके दाटीवाटीने एकमेकांना चिकटतात. छाटणीनंतर संगणकाला दोन केंद्रके दिसत नाहीत, तव्यावर कडेला कडा जुळून चिकटलेल्या दोन भाकऱ्यांसारखा एकच आकार दिसतो. तो एक धरून मोजला, तर 'फार मोठे, वेडेवाकडे केंद्रक' असा निष्कर्ष निघेल, आणि तीच तर आजाराची खूण आहे. म्हणजे केवळ चिकटल्यामुळे निरोगी माणूस आजारी ठरू शकतो.

यावरचा उपाय मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो आपल्या डोंगररांगांवरून समजतो. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला पावसाचा एक थेंब उत्तरेच्या उतारावरून सिंदफणेतून गोदावरीला जातो, तर त्याच्या शेजारचा थेंब दुसऱ्या उताराला लागला की सीनेतून भीमेला मिळतो. दोन थेंबांच्या मधून जाणारी ती न दिसणारी रेषा म्हणजे जलविभाजक. फ्रान्समधील सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियान लांत्युएजूल यांनी १९७९ मध्येच ही कल्पना प्रतिमांना लावली, आणि या पद्धतीचे इंग्रजी नावही पाणलोटाचेच आहे.

चिकटलेल्या आकारातील प्रत्येक बिंदूला, तो सर्वांत जवळच्या कडेपासून किती आत आहे, तो आकडा द्यायचा. कडेवर १, मग २, ३ असे करत ३२ बिंदू रुंद केंद्रकाच्या मध्यभागी सुमारे १६ येतो. दोन केंद्रके जिथे जुळली आहेत ती मान १२ बिंदू रुंद असेल, तर तिथला मोठ्यात मोठा आकडा ६ राहतो. आता हे आकडे उलटे करून खोली समजायचे: दोन तळी, प्रत्येकी १६ खोल, आणि मध्ये ६ खोलीवर बुटकी धार. प्रत्येक तळ्याच्या बुडाला भोक पाडून पाणी वर येऊ द्यायचे. दोन्हीकडची पातळी दहा पायऱ्या चढते, पाणी धारेला टेकते आणि एकमेकांत मिसळू पाहते, नेमक्या त्या जागी एक बिंदू रुंदीचा बांध घालायचा. पाणी आणखी चढेल तसा बांधही चढवत न्यायचा. सगळा आकार भरला की उरलेला बांध हीच दोन केंद्रकांमधली सीमा. ती कुठे असावी हे कोणी सांगितलेले नसते. ती उतारातून निघते.

अर्थात, प्रत्यक्षातील कडा खडबडीत असतात. प्रत्येक खडबडीमुळे एक छोटे डबके तयार होते, प्रत्येक डबके स्वतःचा पाणलोट मागते आणि एकाच केंद्रकाचे पाच तुकडे पडतात. म्हणून अमुक खोलीपेक्षा उथळ डबकी बुजवून टाकायची, असा नियम घालावा लागतो. ही खोली कमी ठेवली तर केंद्रके फुटतात, जास्त ठेवली तर दोनाचे एक होते. ती माणसालाच ठरवावी लागते, ठरवताना शेकडो काचपट्ट्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. आता चेताजाल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रणाली (न्यूरल नेटवर्क), शिकवूनही हे काम करतात. त्यांतल्या काही पद्धतींत चेताजाल बिंदूंची अंतरे सांगते आणि शेवटची विभागणी पुन्हा पाणलोटानेच होते.

केंद्रके सुटी झाली की प्रत्येकाचे क्षेत्रफळ, गडदपणा आणि गोलाई मिळते. क्षेत्रफळाला ४π ने गुणून परिघाच्या वर्गाने भागले, तर वर्तुळासाठी उत्तर १ येते आणि आकार जितका वेडावाकडा तितके ते कमी होते. शिवाय प्रत्येक केंद्रक तळापासून किती उंचीवर आहे, हेही कळते. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी सबम्युकस फायब्रोसिसच्या काचपट्ट्यांवर अशाच स्वरूपाची मोजमापे केली आहेत.

मोबाइलच्या फोटोचे तसे नाही. फोटोत अस्तराचा पृष्ठभाग दिसतो, थर दिसत नाहीत. तो फार तर 'यांना तज्ज्ञांकडे पाठवा' एवढे सांगू शकतो, आणि तेवढेही मोलाचे आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली आणि संशयितांना पुढे पाठवले, तर तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. आपल्याकडे मात्र पांढरा चट्टा म्हणजे अंगातली उष्णता असे समजून त्यावर अंगारा लावला जातो, दात दुखतो म्हणून बायका दिवसातून दोनदा मिसरी लावतात, आणि या दोन्हींत महत्त्वाची वर्षे निघून जातात. सुपारीत तंबाखू नसतो म्हणून ती निर्धोक, हा समजही तितकाच घातक आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच दिला आहे.

त्या तरुणाची काचपट्टी आम्ही संगणकावर चालवली, तेव्हा तळाच्या पेशींसारखी केंद्रके अस्तराच्या जवळजवळ माथ्यापर्यंत असल्याचे आकडे आले, म्हणजे तीव्र डिस्प्लेसिया. सीमा नीट आखल्या गेल्या होत्या, मोजणीत चूक नव्हती. माझ्या सहकारी बाईंनी मात्र काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत नेली आणि काप तिरका गेला असल्याचे दाखवले. कलिंगड उभे न कापता साल घासून तिरके कापले की हिरवा भाग जाड दिसतो, तसा तिथे तळाचा थर वरपर्यंत पसरलेला दिसत होता. मेणाचा ठोकळा फिरवून काप पुन्हा घेतले. नव्या काचपट्टीवर संगणकाने दिलेली उंची खालच्या तृतीयांशात राहिली आणि बाईंनी अहवालावर 'सौम्य' लिहिले. तरुणाला तंबाखू आणि सुपारी दोन्ही सोडायला सांगून तीन महिन्यांनी परत बोलावले. तो आला तेव्हा चट्टा होता तेवढाच होता, खिशात तंबाखूची पुडी नव्हती, आणि तोंडात अजूनही दोनच बोटे जात होती.